तिरप्या पीसीबीचा (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाचा) फोटो पुढून मागपर्यंत शार्प कसा येईल?

वागळेकर: वागळे इस्टेटमधल्या युनिटच्या कॅटलॉगसाठी १२ सेंमीचे पीसीबी ४५ अंशांतून टिपायचे आहेत. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, एफ/२२ इतकं लेन्सचं छिद्र बारीक ठेवलं तरी मागची कडा मऊच. टिल्ट लेन्स (सेन्सरच्या तुलनेत तिरकी वळवता येणारी) घ्यावी का?

तिरपागडा: एफ/२२ सोडा, डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ होतं. लेन्स टिल्ट करून सेन्सर, लेन्स आणि बोर्ड यांची प्रतलं एका रेषेत भेटली की पूर्ण बोर्ड फोकसमध्ये येतो. हाच शाइम्फ्लुगचा नियम. टिल्टचा साइन = फोकल लेंग्थ ÷ लेन्सपासून बोर्डाच्या प्रतलापर्यंतचं अंतर, पण हे अंतर सेन्सरला समांतर मोजायचं. ९० मिमी लेन्स, तिच्या अक्षावर बोर्ड ५० सेंमीवर, ४५ अंश, म्हणजे समांतर अंतरही ५० सेंमीच: ९०/५००, म्हणजे साधारण १०.४ अंश. कॅननची जुनी ९० मिमी टिल्ट लेन्स, टीएस-ई ९०, फक्त ८ अंश वळते! कॅमेरा वर नेऊन ६० अंशांतून खाली बघा, ते समांतर अंतर वाढतं आणि ६ अंशांत भागतं.

वागळेकर: आणि फोकस? टिल्ट केलं की जवळचं बिघडतं.

तिरपागडा: बिघडणारच. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) १० पट मोठा करून पुढच्या कडेवर फोकस, मग मागची कडा सुधारेपर्यंत टिल्ट, पुन्हा पुढे. तीन-चार फेऱ्यांत बसतं. एक्स्पोजर टिल्टआधीच मॅन्युअलवर लॉक करा.

ऐरोलीवाला: उभे कपॅसिटर विसरू नका. फोकसचं प्रतल बोर्डावरच ठेवलं तर त्यांची डोकी धूसर होतात. ते प्रतल कपॅसिटरच्या निम्म्या उंचीवर आणून एफ/११ ठेवा. बोर्ड समलंब (मागे अरुंद) दिसेल, ते टिल्टने सुटत नाही. आणि शेजारी प्रेस चालू असेल तर फ्लॅशच वापरा, ट्रायपॉड थरथरतो. मोजकेच बोर्ड असतील तर फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं) स्वस्त पडेल.