मदत हवी आहे: अंथरुणावरच्या आईचं आयुष्मान वय वंदना कार्ड

आई ७८ वर्षांची, दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहे. ७० आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड तिच्यासाठी काढायचंय. अडलंय ते आधारच्या ई-केवायसीपाशी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्यापाशी.

आधारला जोडलेला नंबर बाबांचा होता, तो बंद झाला, त्यामुळे ओटीपी येत नाही. जन्मभर विड्या वळून तिच्या बोटांच्या रेषाच पुसल्यात. सेवा केंद्रातला मुलगा बिचारा मशीन घेऊन घरी आला, कोमट पाण्याने पुसून दहाही बोटं टेकवून पाहिली, एकही जुळलं नाही. अ‍ॅपवर चेहरा तीनदा दाखवला, पण सांगितल्या क्षणी तिला पापणी मिटता येत नाही. बुबुळाचं मशीन त्याच्याकडे नव्हतं.

आधारवरची जन्मतारीख बरोबर आहे. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) अशी कुठलीच आरोग्य योजना तिला नाही. तिला केंद्रावर न्यायला डॉक्टरांनी मनाई केली आहे.

सोलापुरात किंवा आसपास कुणी अंथरुणावरच्या माणसाचा आधारचा मोबाइल नंबर घरीच बदलून घेतलाय का? अर्ज नेमका कुठे दिला, आणि सोबत डॉक्टरांचा दाखला लागला का?