मदत हवी आहे : एका फोनवर चार ईमेल पत्ते

नमस्कार मंडळी,

माझ्या अँड्रॉइड फोनवर चार पत्ते आहेत: माझा, आईचा (तिच्या पेन्शनचे मेल मीच बघतो), मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा (यंदा सेक्रेटरीपद गळ्यात पडलंय) आणि दुकानाच्या डोमेनवरचा. जीमेल ॲपमध्ये चारही जोडलेत, पण 'सर्व इनबॉक्स' उघडलं की टँकरचं बिल आणि गिऱ्हाईकाची ऑर्डर यांची खिचडी. लोकलमध्ये एका हाताने बघायचं म्हणजे तर विचारूच नका.

खरी अडचण दुकानाच्या पत्त्याची. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये तो पॉपने (मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याची पद्धत) उतरतो आणि उतरला की सर्व्हरवरून पुसला जातो. त्यामुळे फोनवर अर्धेच मेल दिसतात. दोन्हीकडे आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळीकडे सारखे दाखवणारी पद्धत) लावायचं, सेटिंगमध्ये 993 पोर्ट टाकायचा, इतपत कळतं. पण फक्त कॉम्प्युटरवर उरलेले जुने मेल तारखा न बिघडता सर्व्हरवर परत चढवता येतात का? कुणी प्रत्यक्ष केलंय का?

भाचा म्हणतो, सगळं एकाच जीमेलवर फॉरवर्ड कर. मला पटत नाही. फुकटची 15 जीबी ड्राइव्ह आणि फोटोंमध्येही वाटली जाते, माझी भरत आलीय. शिवाय सोसायटीचा पत्रव्यवहार उद्या नव्या सेक्रेटरीच्या हाती द्यायचाय.

अजून एक. सोसायटीच्या मेलचा आवाज रात्री आपोआप बंद आणि दुकानाचा चालू, असं होईल का? पार्किंगच्या तक्रारी लोकांना अकरा वाजताच सुचतात.

दुसरं ॲप सुचवलंत तरी चालेल, मराठी मेन्यू असेल तर उत्तमच.