मदत हवी आहे: रिकाम्या केलेल्या ट्रॅक कारमध्ये स्टिरिओ मध्येच बंद पडतो

चौथा_गिअर (धागाकर्ता)
मंडळी, जरा घाईत आहे. ट्रॅकसाठी गाडी आतून पूर्ण रिकामी केली आहे. त्यात नवा स्टिरिओ बसवला. हळू आवाजात नीट वाजतो. आवाज वाढवला आणि बेसचा ठोका आला की गप्प, दोन सेकंदांनी परत चालू. शिवाय इंजिन सुरू असताना बारीक शिट्टी येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तीही वर चढते. वायरिंग तीनदा तपासलं, सगळं घट्ट आहे. हेड युनिटच (डॅशबोर्डमधला स्टिरिओचा मुख्य डबा) खराब आहे का? असेल तर उद्यापर्यंत बदलून मिळेल. शनिवारी ट्रॅकवर जायचं आहे, म्हणून लवकर सांगा.

कार्ब्युरेटर
गाडी कुठली? अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) वेगळा आहे का? बॅटरी मूळ जागी आहे की हलवली? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

एकेक_किलो
मुळात ट्रॅक कारमध्ये स्टिरिओ का? मी सीट, कार्पेट, छताचं कापड सगळं काढलं, जमिनीवरचं डांबरी अस्तर कोरडा बर्फ टाकून हातोडीने फोडून काढलं. इतकं करून पुन्हा स्पीकर, अ‍ॅम्प आणि जाड तांब्याची वायर आत घालायची हे पटत नाही. इंजिन ऐका, टायर ऐका. ग्रिप सुटायच्या आधी टायरचा आवाज बदलतो, तो ऐकू यायला हवा.

चौथा_गिअर
@एकेक_किलो, ट्रॅकवर लावतच नाही. गाडी ट्रेलरवर नेत नाही, चालवत नेतो. जायला तीन तास, यायला तीन तास. प्रश्न स्टिरिओ हवा की नको हा नाही.
@कार्ब्युरेटर, हॅचबॅक, १.६ पेट्रोल. हो, चार चॅनेलचा अ‍ॅम्प आहे, प्रत्येकी ५० वॉटचा. बॅटरी छोटी लिथियमची, डिकीत.

शांत_केबिन
शिट्टी म्हणजे अल्टरनेटरचा आवाज. बाजारात नॉइज फिल्टर मिळतो, हेड युनिट आणि अ‍ॅम्पच्या मधे जोडा. माझ्या गाडीत पाच मिनिटांत शिट्टी गेली. बंद पडण्यासाठी मोठा कपॅसिटर लावा.

तांब्याची_तार
कृपया फिल्टर आणि कपॅसिटर दोन्ही आत्ता घेऊ नका. शिट्टी आणि बंद पडणं ही दोन दुखणी वेगळी वाटतात, पण बहुतेक एकच आहेत. अ‍ॅम्पची अर्थ वायर (निगेटिव्हची, गाडीच्या बॉडीला जोडतात ती) कुठे जोडली आहे? नेमकी जागा सांगा. आणि पॉवरची वायर किती जाड?

शांत_केबिन
मी स्वतः केलेलं सांगतोय. फिल्टरने शिट्टी जाते.

तांब्याची_तार
जाते, कारण आवाज दाबला जातो. सांधा तसाच राहतो आणि पुढे तापतो. अर्थ कच्चा असला की अ‍ॅम्पचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट असते आरसीए केबलच्या (हेड युनिटकडून अ‍ॅम्पकडे आवाजाचा सिग्नल नेणारी) बाहेरच्या जाळीतून हेड युनिटकडे. शिट्टी तिथून येते. अशाने चांगल्या हेड युनिटचा आरसीए अर्थ जळालेला मी पाहिला आहे.

वळणावर
सोपा उपाय: हेल्मेटमध्ये ब्लूटूथ इअरफोन. वायर नाही, वजन नाही.

एकेक_किलो
हेल्मेटमध्ये गाणी अजिबात नको. मागून गाडी आलेली, स्वतःच्या इंजिनाचा बदललेला आवाज, काही कळत नाही. आणि रस्त्यावर कान बंद करून चालवणं तर ट्रॅकहून वाईट.

वळणावर
बिनअस्तराच्या गाडीत हायवेवर कान तसेही सुन्न होतात. पण इंजिनाबद्दल तुमचं म्हणणं मान्य.

लॅप_मोजणारा
कॅमेरा कुठे लावलाय? रोल केजच्या (गाडी उलटली तर वाचवणारा आतला नळ्यांचा सांगाडा) आडव्या नळीवर लावला तर व्हिडिओ कमी हलतो. काचेवर चिकटवू नका, उन्हात सुटतो. माइक बाहेरचा घ्या आणि सीटच्या मागे, वाऱ्यापासून आडोशाला ठेवा.

चौथा_गिअर
कॅमेऱ्याचं नंतर बघू. @तांब्याची_तार, पॉवरची वायर ८ चौरस मिमी, तांब्याचीच. अर्थ रोल केजच्या मागच्या पायाच्या बोल्टवर आहे. चांगला जाड बोल्ट आहे, पान्ह्याने पूर्ण आवळलाय.

कार्ब्युरेटर
रोल केज वेल्डेड की बोल्टवर? पावडर कोटिंग आहे का?

चौथा_गिअर
बोल्टवर. हो, काळं पावडर कोटिंग.

तांब्याची_तार
मग सापडलं. पावडर कोटिंग म्हणजे भाजलेलं प्लास्टिक, त्यातून करंट जात नाही. तुमची थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) कोटिंगवर बसली आहे आणि सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम जातोय. बोल्ट कितीही आवळा, फरक पडणार नाही. खात्री करून घ्या: इंजिन चालू, स्टिरिओवर ५० हर्ट्झचा सलग सूर, आवाज वाढवत न्या. मल्टिमीटरची एक पिन अ‍ॅम्पच्या अर्थ स्क्रूवर, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.१ व्होल्टच्या आसपास हवं. मग पॉझिटिव्हच्या बाजूलाही तसंच मोजा.

दार_आणि_पत्रा
हे मिटलं तरी आवाज पत्र्यासारखाच येणार. दारांची ट्रिम काढली असेल तर स्पीकरच्या मागचा आवाज भोकांतून पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारतो आणि बेस उरत नाही. दाराच्या आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं पातळ अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्याने बंद करा, कडेला फोमची पट्टी, आणि बाहेरच्या पत्र्याला स्पीकरच्या बरोबर मागे हाताएवढं डॅम्पिंग शीट. पूर्ण दार मढवायची गरज नाही. यापेक्षा मोठा अ‍ॅम्प घेऊन काही होत नाही, पॉवर दुप्पट केली तर मिळतात फक्त ३ डेसिबल.

एकेक_किलो
पत्र्याऐवजी जाड प्लास्टिक शीट रिव्हेट करा, तेवढं वजन वाचेल.

दार_आणि_पत्रा
प्लास्टिक थरथरतं. निदान स्पीकरभोवती तरी धातूच हवा.

चौथा_गिअर
मोजलं. बंद पडायच्या क्षणी बॅटरीवर १३.९, अ‍ॅम्पच्या दोन स्क्रूंवर १०.३. म्हणजे ३.६ व्होल्ट वाटेत जातात. त्यातले अर्थच्या बाजूला ३.१! पॉझिटिव्हला फक्त ०.५.

तांब्याची_तार
१०.३ म्हणजे अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद होतोय. हेड युनिट बदलू नका, ते ठीक आहे. डिकीतल्या फ्लोअरवर, अ‍ॅम्पपासून अर्ध्या मीटरच्या आत जागा निवडा, पॉलिश पेपरने रंग घासून चकचकीत पत्रा काढा, थिंबल, दातेरी वॉशर, बोल्ट, आणि वरून रंगाचा हात मारा, नाहीतर गंजेल. बॅटरीचा स्वतःचा बॉडी अर्थही तसाच नागड्या पत्र्यावर आहे ना ते बघा. पॉझिटिव्हला ०.५ जरा जास्त आहे, फ्यूज होल्डर उघडून बघा. फ्यूज बॅटरीपासून किती अंतरावर?

चौथा_गिअर
अ‍ॅम्पजवळ.

कार्ब्युरेटर
तो बॅटरीजवळ हवा, जास्तीत जास्त ४५ सेंमीवर. वायर वाटेत घासून बॉडीला लागली तर अ‍ॅम्पजवळचा फ्यूज तिला वाचवत नाही. बॅटरी जवळच असल्याने काम सोपं आहे. आणि किल स्विच (गाडीची सगळी वीज एकदम तोडणारा)? अ‍ॅम्पची पॉवर त्याच्या आधी घेतली की नंतर?

चौथा_गिअर
थेट बॅटरीवरून, स्विचच्या आधी. हेड युनिटची पिवळी वायरही तिथूनच, मेमरी जाऊ नये म्हणून.

कार्ब्युरेटर
दोन्ही स्विचच्या नंतर घ्या. गाडी उलटली आणि मार्शलने बाहेरून स्विच ओढला तर गाडीत कुठेही करंट उरता कामा नये. आणि छोट्या लिथियम बॅटरीला गाडी उभी असतानाचा बारीक खर्चही सोसत नाही. मेमरी जाऊ द्या.

चौथा_गिअर
आज रात्री अर्थ बदलला. पत्रा घासताना खाली आधी राखाडी प्रायमर लागला, मग चमक आली. आता अ‍ॅम्पवर १३.४, पूर्ण आवाजातही बंद पडत नाही. शिट्टी जवळजवळ गेली, पण ३००० आरपीएमच्या वर अजून थोडी आहे.

तांब्याची_तार
आरसीए पॉवरच्या वायरीबरोबर एकाच बाजूने आणलीय?

चौथा_गिअर
हो, एकाच टायने बांधून.

तांब्याची_तार
सोडवून दुसऱ्या बाजूने न्या आणि ट्रॅकला निघायच्या आधी इथे कळवा.