मदत हवी आहे: लिनक्सवर रूट चालत नाही (तातडीचे)

चैत्रपालवी
एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, म्युऑन या कणांचा डेटा, सरांनी मॅक्रो दिलाय. रूट डाउनलोड केलं, टार उघडलं, सोर्सही केलं, तरी सुरूच होत नाही. दोन दिवस गेले. सोमवारी आलेख दाखवायचेत. प्लीज कोणीतरी सांगा.

गडवाटा
रूटचा पासवर्ड विसरलात का? मशीन रीस्टार्ट करा, ग्रब मेनूतून रिकव्हरी मोडमध्ये जा आणि नवा पासवर्ड ठेवा.

चैत्रपालवी
पासवर्ड नाही हो! सर्न प्रयोगशाळेचं रूट, डेटा अ‍ॅनालिसिसचं सॉफ्टवेअर.

अणुरेणू
लिनक्स कुठलं? आवृत्ती? टार कुठली घेतली? एरर जसाच्या तसा टाका.

चैत्रपालवी
उबुंटू. एरर लांबलचक आहे, शेवटी "जीलिबसी २.३४ नॉट फाउंड".

टर्मिनलकर
सोपं आहे. जीलिबसी नवीन टाका.

अणुरेणू
टर्मिनलकर, असा सल्ला कृपया देऊ नका. जीलिबसी ही सिस्टिमची मूळ लायब्ररी, एलएससारखी साधी कमांडसुद्धा तिच्यावरच चालते. ती हाताने बदलायला गेलं तर अख्खं मशीन बसतं, आणि त्यावर इतरांचंही काम असू शकतं.
पालवी, आवृत्ती अजून सांगितली नाहीस. सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, आहेत का?

चैत्रपालवी
२०.०४. लॅबचं मशीन आहे, मी घरून एसएसएचने जाते. सुडो नाही. टार २२.०४ ची घेतली, नवीन असेल म्हणून.

अणुरेणू
मग तिथेच अडलंय. २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ असते, २२.०४ मध्ये २.३५. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही.

सह्यवारा
रूट हवंच कशाला? पिपने अपरूट घ्या. रूटच्या फाइली थेट पायथनमध्ये वाचता येतात.

अणुरेणू
वाचता येतात, पण तिच्याकडे सी++ चा मॅक्रो आहे. तो अपरूट चालवणार नाही.

सह्यवारा
मॅक्रो पायथनमध्ये लिहायचा. आज ना उद्या शिकावंच लागणार.

अणुरेणू
सोमवारच्या आत?

फोरट्रानकाका
रूटच्या आधी आम्ही पॉ वापरायचो, तेही अ‍ॅनालिसिसचंच, फोरट्रानवर बेतलेलं. १९९५ च्या सुमारास ब्रून आणि राडेमाकर्स यांनी रूटचं काम सुरू केलं, तेव्हा सी++ शिकायला आम्हीही कुरकुरलो होतो. सोर्सवरून बांध बेटा, सगळं समजेल.

अणुरेणू
काका, रूटमधल्या क्लिंग या सी++ इंटरप्रीटरसाठी एलएलव्हीएम हे कंपायलरचं सॉफ्टवेअरही बांधावं लागतं, त्यात तास जातील. पालवी, होम फोल्डरमध्ये मिनीफोर्ज (कोंडा या पॅकेज मॅनेजरचा इन्स्टॉलर) टाक, सुडो लागत नाही. नवीन एन्व्हायर्नमेंट करून त्यात कोंडा-फोर्जवरून रूट घे. काही जीबी जागा लागेल, कोटा आधी बघ. आणि बॅशआरसीत (टर्मिनल उघडताच चालणारी फाइल) आधीच्या रूटची सोर्सची ओळ असेल तर काढ. नाहीतर जुन्या लायब्ररी मध्ये येतील.

चैत्रपालवी
ती ओळ होतीच! काढली, पुन्हा लॉगिन केलं. दादा, रूट चालू झालं!! पण कॅनव्हासची खिडकीच उघडत नाही.

अणुरेणू
एसएसएच करताना मोठा एक्स (-X) दिलास का? तिकडची खिडकी तुझ्या स्क्रीनवर त्यानेच येते. घरी विंडोज असेल तर एक्स सर्व्हरही लागेल. नाहीतर सरळ रूट -बी ने, म्हणजे खिडकीशिवाय, चालव आणि मॅक्रोच्या शेवटी सेव्हअ‍ॅज लावून पीडीएफ काढ.

चैत्रपालवी
पीडीएफ निघाली. म्युऑनचा क्षयकाळ २.१ मायक्रोसेकंद येतोय, बरोबर आहे का?

फोरट्रानकाका
पुस्तकात २.२ आहे. बॅकग्राउंड वजा केलंस का?