सळई बांधायचं मशीन तार सोडतं पण पीळ बसत नाही, शनिवारी काँक्रीट आहे, मदत हवी

रणजित_कराड | बुधवार, रात्री ९:४०
मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. सळईला तार बांधायचं बॅटरीवरचं मशीन ऑनलाइन मागवलं. सोमवारी झकास चाललं. कालपासून ट्रिगर दाबला की तार भसकन बाहेर येते, पण वेढा पडायच्या आधीच बाजूला निसटते. कधी वेढा पडलाच तर पीळ अर्धवट, गाठ बोटाने हलते. लाल दिवा तीनदा लुकलुकतो आणि मशीन गप्प. बॅटरी फुल आहे. विकणारा फोन उचलत नाही. शनिवारी सकाळी सहाला आरएमसीची (तयार काँक्रीटची) पहिली गाडी येणार. "वॉरंटीत द्या" असं कृपया कोणी सांगू नका, तेवढा वेळ असता तर इथे लिहिलंच नसतं. कोणी वापरलंय का? काय करायचं?

मनोहरकाका | रात्री ९:५२
कोणतं मशीन? तार कोणती? सळई किती एमएम?

रणजित_कराड | रात्री ९:५५
चिनी आहे काका, खोक्यावर नुसता नंबर आहे. सळई नेहमीचीच.

मनोहरकाका | रात्री ९:५७
नेहमीची म्हणजे? मी पुलाच्या कामावर होतो तेव्हा आमची नेहमीची ३२ ची होती.

रणजित_कराड | रात्री १०:०३
१० ची जाळी, दोन सळ्यांत १५० एमएम अंतर, दोन थर. गोडाऊनचा फ्लोअर आहे, वर ट्रिमिक्स होणार, म्हणजे ओल्या काँक्रीटमधलं पाणी शोषून वरून घोटणार. कडेच्या बीमला १६ च्या सळ्या आणि त्यांना वेढणाऱ्या ८ च्या रिंगा. काका, सळईचा प्रश्नच नाहीये, मशीनचा आहे.

आकडेवाला | रात्री १०:१०
मशीन ठेव बाजूला. पंचवीस वर्षं सळई बांधणाऱ्या फिटरांची गँग चालवतोय, एकही मशीन घेतलं नाही. तार मधे दुमडायची, सळईखालून तिरकी घालायची, लोखंडी आकडा (हुक) फाशात अडकवून ओढायचा आणि मनगटाने तीन फेरे. ओढता ओढता पीळ मारायचा, ही त्यातली खुबी. नुसता फिरवला तर तार तुटते. माझा माणूस मिनिटाला दहा-बारा गाठी मारतो, बिडी ओठात ठेवून. त्याला बॅटरी लागत नाही की लाल दिवा.

रणजित_कराड | रात्री १०:१४
दादा, फिटर असते तर मशीन कशाला घेतलं असतं? अकरा होते, आठ जण छठपूजेसाठी गावी गेले. तीन उरलेत.

आकडेवाला | रात्री १०:१६
मग हे आधी सांगायचं ना.

दुबईकर_सचिन | रात्री १०:३१
इकडे साइटवर हेच चालतं, हाताने बांधणारे फार थोडे. पण चिनी घेऊन चूक केलीत. मॅक्स नावाची जपानी कंपनी आहे, बॅटरीवर सळई बांधायचं मशीन तिनेच १९९३ मध्ये पहिल्यांदा काढलं. तिच्या आताच्या मॉडेलमध्ये दोन तारा एकदम येतात, प्रत्येक १ एमएमची. सळईच्या जाडीप्रमाणे तार मागे खेचून मगच पीळ देतं, त्यामुळे तार कमी लागते आणि गाठीचं बोंड बुटकं राहतं, कव्हरमध्ये, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थरात, घुसत नाही. एका चार्जिंगला ४,००० गाठी धरतात. उभं राहून बांधायचा लांब दांडा वेगळा मिळतो, कंबर वाचते. तेच घ्या.

रणजित_कराड | रात्री १०:३३
परवापर्यंत दुबईहून पाठवताय का?

ड्रिल_मास्टर | रात्री १०:४०
एवढं कशाला? कॉर्डलेस ड्रिलला आकडा लावा. जुना पेचकस तापवून वाकवला की झालं. मी फार्महाऊसचा पूर्ण स्लॅब असाच बांधला. खर्च शून्य.

आकडेवाला | रात्री १०:४४
आणि निम्म्या गाठी तुटल्या असतील. ड्रिलला कुठे कळतं कधी थांबायचं? पीळ बसल्याचं मनगटाला कळतं.

ड्रिल_मास्टर | रात्री १०:४७
क्लच कमीवर ठेवला की थांबतं. वापरून बघा, मग बोला.

आकडेवाला | रात्री १०:४८
फार्महाऊस केवढं? १० बाय १२?

मनोहरकाका | रात्री ११:०५
भांडण बाजूला ठेवा, आधी हिशोब करू. रणजित, फ्लोअर किती बाय किती आणि एका रिळात किती गाठी होतात?

रणजित_कराड | रात्री ११:०९
१०० बाय ६० फूट. एका रिळात सव्वाशे. रीळ दीडशे रुपयाला.

मनोहरकाका | रात्री ११:२६
घ्या. ३०.५ मीटर बाय १८.३ मीटर. १५० च्या अंतराने एकीकडे २०३, दुसरीकडे १२२. म्हणजे एका थरात २४,७६६ गाठी, दोन थरांत साडेएकोणपन्नास हजार. सव्वाशेने भागा, ३९६ रिळं. दीडशेने गुणा, ५९,४०० रुपये, नुसत्या तारेचे.
आता हाताचं बघ. दोन्ही थर मिळून सळई साधारण १५,००० मीटर. सळईचं वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १० ची ०.६१७ किलो मीटरला. झालं सव्वानऊ टन. टनाला आठ ते दहा किलो तार धरतात, म्हणजे ७५ ते ९० किलो. ८० रुपये किलोने सहा-सात हजारांत काम. रीळ विकणारा तुझ्यावर बंगला बांधेल.
पण वेळही मोज. आकडेवाल्यांचा मिनिटाला दहाचा वेग धरला तरी तीन माणसांना साडेसत्तावीस तास लागतात, आणि तेही पाणी न पिता. शनिवार सकाळ मला दिसत नाही.

प्रज्ञा_साइट_इंजिनिअर | रात्री ११:३८
एक साधा प्रश्न. सोमवारी चाललं, मंगळवारी बिघडलं. मधे काय बदललं? रीळ बदललंत का?

रणजित_कराड | रात्री ११:४१
हो, बदललं. सोबत आलेली पाच रिळं सोमवारीच संपली.

प्रज्ञा_साइट_इंजिनिअर | रात्री ११:४२
मग आता मशीनमध्ये कोणतं रीळ आहे?

रणजित_कराड | रात्री ११:५०
तेच रिकामं रीळ. त्यावर साइटवरची बायंडिंग वायर गुंडाळली. तार ती तारच ना?

मनोहरकाका | रात्री ११:५१
अरे देवा.

आकडेवाला | रात्री ११:५२
😂 आणि आम्ही तासभर भांडतोय.

मनोहरकाका | रात्री ११:५४
आणि पाच रिळं म्हणजे ६२५ गाठी. साडेएकोणपन्नास हजारांतल्या. त्याला हा "झकास चाललं" म्हणतो!

प्रज्ञा_साइट_इंजिनिअर | गुरुवार, रात्री १२:०८
रणजितदादा, साइटवरची तार १८ गेजची असणार, म्हणजे जवळपास १.२ एमएम. ही छोटी मशीनं बहुतेक ०.८ च्या तारेची असतात, तुमच्या खोक्यावर लिहिलेलं असेल, बघा. दिसायला फरक थोडा वाटतो, पण तारेचा छेद सव्वादोन पट होतो. आतल्या दोन दातेरी चाकांना ती ढकलायला जड जाते, जबड्याच्या वाकड्या खोबणीतून ती गोल वळत नाही, आणि पीळ देणाऱ्या मोटरला झेपत नाही. मोटर दमली की मशीन थांबतं आणि दिवा लागतो. शिवाय हाताने गुंडाळलेल्या तारेला मोड असतात. मोड आला की तार खोबणीतून बाहेर, तुमचं "बाजूला निसटते" ते हेच.
आता करा असं: आधी बॅटरी काढा, बोट जबड्यात घालायचंय. रीळ काढा. जबड्याचं झाकण दोन अॅलन स्क्रूंवर असतं, ते उघडून बघा. जाड तार कापताना तुकडा अडकून राहतो. चिमट्याने काढा, टूथब्रशने खोबण आणि कटर साफ करा. तेल ओतू नका, सिमेंटची धूळ बसून लुगदी होते. मग ०.८ चं नवं रीळ घाला, तारेचं टोक सरळ कापून. पीळ किती घट्ट ते ठरवायचं बटण मधल्या आकड्यावर ठेवा. आणि मशीन फुलीवर, म्हणजे दोन सळ्या एकमेकींवरून जातात तिथे, तिरकं धरा, ४५ अंशात. सळईला समांतर धरलं तर वेढा एकाच सळईवर पडतो.

रणजित_कराड | गुरुवार, सकाळी ७:२०
झाकण उघडलं. खालच्या खोबणीत नखाएवढा तारेचा तुकडा आडवा बसला होता, वरून काळी पूड. काढला. रिळाच्या तळात सोमवारच्या तारेचं हातभर शेपूट सापडलं, तेवढ्यात एक गाठ मारून बघितली. घट्ट!! ताई, कोटी कोटी धन्यवाद.
आता रिळं कुठे मिळतील? कराडात "असलं काही नसतं" म्हणाले.

कोल्हापुरी_हार्डवेअर | सकाळी ८:०२
आमच्याकडे २० गेजची तार आहे, ०.९ एमएम. ती गुंडाळून बघा की, बारीक आहे.

प्रज्ञा_साइट_इंजिनिअर | सकाळी ८:१५
नको हो! पुन्हा तेच. गुंडाळलेली तार नकोच.

निवृत्त_उपअभियंता | सकाळी ९:३०
वरची सर्व चर्चा वाचली. मूळ मुद्दा कोणीच काढलेला नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे सळ्यांची प्रत्येक फुली ०.९ ते १.६ एमएम जाडीच्या मऊ तारेच्या दुहेरी पदराने बांधायची असते. प्रत्येक फुली, एकाआड एक नव्हे. ०.८ ची तार यात बसतच नाही. मी बिल थांबवलं असतं.

दुबईकर_सचिन | सकाळी ९:४१
साहेब, गाठ फक्त काँक्रीट पडेपर्यंत सळई जागेवर धरते. ताकद गाठीत नसते. चार लोक जाळीवर चालले, व्हायब्रेटर फिरला तरी सळई हलली नाही की गाठीचं काम झालं. आणि ०.८ चे तीन वेढे पडतात, ते कोण मोजणार?

निवृत्त_उपअभियंता | सकाळी ९:५५
वेढे मोजायचे की जाडी, हे स्पेसिफिकेशन ठरवतं, आपण नाही.

मनोहरकाका | सकाळी १०:०४
काम खाजगी आहे साहेब, बिल थांबवणारं कोणी नाही. पण रणजित, त्यांचं म्हणणं अगदीच सोडू नकोस. तुझ्या आरसीसी कन्सल्टंटला (डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला) फोन कर, ०.८ चालेल का आणि आतल्या भागात एकाआड एक चालेल का ते विचार, आणि व्हॉट्सअपवर लेखी घे. आणि वरच्या थराला खुर्च्या (खालून टेकू देणाऱ्या वाकवलेल्या सळ्या) पुरेशा ठेव. खुर्ची कमी पडली तर गाठ कसलीही मारा, ट्रिमिक्सवाल्यांच्या बुटाखाली वरची जाळी खालच्या जाळीला जाऊन भेटते. डोळ्यांनी पाहिलंय.

ड्रिल_मास्टर | सकाळी १०:२२
ड्रिलला कुठलीही तार चालते. फक्त सांगतो.

आकडेवाला | सकाळी १०:३०
रणजित, एक काम कर. ओगलेवाडीकडे माझ्या ओळखीच्या साइटवर सहा फिटर बसून आहेत, त्यांचा स्लॅब कालच ओतून झाला. नंबर मेसेज करतो. रोजंदारी ठरवून घे, सळईच्या किलोवर बोलू नकोस, घाईत पाहिलं की दर चढवतात.

रणजित_कराड | शुक्रवार, रात्री १०:१५
अपडेट. कन्सल्टंट म्हणाले, कडेच्या दोन ओळी, लॅप (सळ्यांचे जोड) आणि बीम हाताने १८ गेजने, प्रत्येक फुली. आतल्या जाळीत एकाआड एक, तिथे ०.८ चालेल. लेखी घेतलं काका. पुण्याहून माणूस पाठवला, वीसच रिळं मिळाली, तीही १८० ने. अडीच हजार गाठी मशीनने, बाकी सगळं आकडेवाल्या दादांचे सहा आणि माझे तीन. बीमच्या कोपऱ्यात मशीनचा जबडा शिरतच नाही, १६, ८ ची रिंग आणि लॅप एकत्र आले की तोंडच पुरत नाही. हे जाहिरातीत कुठेही नव्हतं.
मजा म्हणजे माझा म्हातारा फिटर आधी मशीनकडे बघायलाही तयार नव्हता. आज दुपारी कंबर धरून आला आणि म्हणाला, "साब, वो पिस्तौल जरा इधर देना." मग सोडेचना.
शनिवारची गाडी रविवारी सकाळवर ढकलली. आरएमसीवाला कुरकुरला, पण मानला.

आकडेवाला | रात्री १०:२१
पिस्तूल 😄 त्या सहा फिटरांची रोजंदारी रोख दे रविवारी, उधार ठेवू नकोस, माझं नाव जाईल.

प्रज्ञा_साइट_इंजिनिअर | रात्री १०:३०
छान. जाळीवर पडलेले तारेचे तुकडे उद्या झाडून घ्या, फ्लोअरला गंज वर येतो.

द्राक्षवाला_तासगाव | रात्री ११:४८
नमस्कार. धागा आत्ता पाहिला. हे मशीन द्राक्षबागेत मांडवाच्या तारा लोखंडी अँगलला बांधायला चालेल का? आणि ओलांडा (वेलीची आडवी फांदी) तारेला बांधायला? सध्या सुतळी वापरतो.

मनोहरकाका | शनिवार, सकाळी ६:३५
ओलांड्याला नको, तार सालीत रुतेल. अँगलला चालेल. पण आधी सांगा, तार किती गेजची?