नशीब ‘सिकंदर’च का असतं?

शेजारच्या पोराला लॉटरीत फ्लॅट लागला तर आई म्हणाली, ‘‘पोराचं नशीब सिकंदर आहे हो’’, आणि मी तिथेच अडकलो. नशीब फुटकं असतं, बलवत्तर असतं, ही विशेषणं झाली, पण एका माणसाचं नाव विशेषण कसं काय झालं? ‘नशीब अकबर’ असं तर कोणी म्हणत नाही, आणि अकबराचंही काही वाईट चाललं नव्हतं. जाणकारांनी सांगावं.

— ही फारसीची देणगी. ‘सिकंदर-बख्त’ म्हणजे ज्याचं बख्त, म्हणजे नशीब, सिकंदरासारखं आहे तो. १९९६ च्या १३ दिवसांच्या वाजपेयी सरकारात परराष्ट्रमंत्री होते ना सिकंदर बख्त, त्यांचं नाव म्हणजे अख्खा वाक्प्रचारच आहे. मराठीने बख्तच्या जागी नशीब घातलं, पुढचं मागे केलं आणि ‘सारखं’ गाळून टाकलं.

— पण कसलं डोंबलाचं नशीब? ३२ व्या वर्षी बॅबिलोनमध्ये तापाने गेला की. फारसी दंतकथेत तर अमृताच्या झऱ्यापर्यंत जातो आणि पाणी पितो ख्वाजा खिज्र (कथेतला अमर संत), हा आपला कोरडाच परत. असलं नशीब नको रे बाबा.

— वरच्यांना +१. मी मूळ ग्रीक नावाबद्दल लिहिते, जरा लांबेल. अलेक्झान्द्रोस. ‘अलेक्सो’ म्हणजे राखणं, संकट परतवून लावणं, आणि ‘आनेर’ म्हणजे पुरुष, त्याची षष्ठी ‘आन्द्रोस’. माणसांचा राखणदार. आता गंमत बघा, हा आनेर म्हणजे आपला नृ, नर, मूळ एकच, आणि ‘अलेक्स’ हा संस्कृत ‘रक्ष्’चा चुलतभाऊ, आपल्याकडे ल चा र झालाय इतकंच. म्हणजे अलेक्झांडर म्हणजे उलटा लिहिलेला ‘नररक्षक’! अँड्र्यूमध्येही तोच नर आहे आणि तुमच्या हातातल्या अँड्रॉईडमध्येही (नरासारखा दिसणारा, म्हणून).

— मग त्या अलेक्झांडरचा सिकंदर कसा झाला?

— अरबांना सुरुवातीचं ‘अल’ हे त्यांचं स्वतःचं अल वाटलं, अल-किताबमधलं असतं ना तसं. ते सुटं केलं. मग ‘क्स’चा ‘स्क’ झाला, अल-इस्कंदर. फारसीत येताना पुढचा इ पण पडला, सिकंदर. आणि ह्याला हसू नका, आपण ‘नुकसान’चं ‘नुसकान’ करतो ते हुबेहूब हेच, क्स चा स्क. म्हणजे रक्षण चावून चावून संपलं, नर मात्र ‘अंदर’मध्ये शाबूत आहे.

— नुसकान 😂 आता आजीला कधीच हसणार नाही.

— एक राहिलंच. हे नाव काही सिकंदराने आणलेलं नाही हं. मॅसिडोनियाच्या गादीवरचा तो ह्या नावाचा तिसरा. त्याच्या जवळजवळ हजार वर्षं आधी मायसीनीच्या (ग्रीसमधलं प्राचीन शहर) मातीच्या पाटीवर ‘अ-रे-क-स-द-र’ असं लिहिलेलं सापडलंय, त्या लिपीत र आणि ल ला एकच चिन्ह, म्हणजे अलेक्झांड्रा, बाई! साधारण त्याच शतकात, इ.स.पू. १२८० च्या आसपास, हित्ती (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन साम्राज्य) राजा मुवातल्ली विलुसाच्या ‘अलक्सांदु’शी तह करतो, आणि विलुसा म्हणजेच ट्रॉय असं बरेच अभ्यासक मानतात. आता होमरकडे या. हेलनला पळवून नेणारा ट्रॉयचा पॅरिस, त्याला इलियडमध्ये पॅरिसपेक्षा अलेक्झान्द्रोसच जास्त वेळा म्हटलंय. माणसांचा राखणदार, आणि ह्याच्या पायी अख्खं गाव जळालं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

— अशोकाचा तेरावा शिलालेख विसरलात. त्यात पाच ग्रीक राजे येतात, शेवटचा ‘अलिकसुदर’. काहीजण झटकन त्याला आपला सिकंदर समजतात पण तो तोवर मरून साठ-पासष्ट वर्षं झाली होती. हा एपिरसचा किंवा कॉरिंथचा अलेक्झांडर, त्यावर वाद आहे. मला मात्र अलिकसुदर हे रूप सिकंदरपेक्षा आवडतं, ‘अल’ तरी शाबूत राहिलंय.

— आणि इराणमधले जुने झरथुष्ट्री ग्रंथ त्याला शापित म्हणतात, धर्मग्रंथ जाळले म्हणून. त्याच इराणात नंतरच्या कवींनी त्याला हिरो केला आणि तोच हिरो आपल्याकडे आला. अलाउद्दीन खिलजी नाण्यांवर स्वतःला दुसरा सिकंदर म्हणवून घ्यायचा. निजामखान दिल्लीच्या गादीवर बसला तो सिकंदर लोदी होऊन. सिकंदराबाद तिसऱ्या निजामाच्या, सिकंदर जाहच्या नावावरून.

— मला ह्या यादीतला सगळ्यात वाईट वाटतो तो विजापूरचा सिकंदर आदिलशहा. १६७२ ला चार-पाच वर्षांचं पोर गादीवर बसवलं, कारभार भलत्यांच्याच हातात, १६८६ ला औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि उरलेलं आयुष्य कैदेत. शेवटचा आदिलशहा. नशीब सिकंदर म्हणताना मला तर तोच आठवतो.

— धागाकर्ता इथे. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते रशियन साशा आणि आपल्या सोसायटीतली सँड्रा एकच नाव का?

— हो, दोन्ही अलेक्झांडर-अलेक्झांड्राची तुकडी पाडलेली रूपं. हंगेरीचा शांदोर, स्कॉटलंडचा अ‍ॅलिस्टर हेही घरचेच. सँड्रामध्ये सुद्धा नर तेवढा उरलाय, बाईच्या नावात!

— अवांतर: २०२३ ची महाराष्ट्र केसरी फायनल आठवतेय का, फुलगावला? मोहोळच्या सिकंदर शेखने कोणाला पाडलं? शिवराज राक्षेला. आडनावाची व्युत्पत्ती मला विचारू नका, पण सिकंदरात हरवलेला रक्ष समोरच्या कोपऱ्यात उभा होता एवढंच म्हणतो.