कॅसिनोचं सेल-लीजबॅक: भाडं भरूनही कर्ज वाढतंय, अर्जंट मदत हवी आहे

रात्रपाळी_गोरेगाव
ऑफिसात विचारायला कोणी नाही, म्हणून इथे टाकतोय. क्लायंट अमेरिकेतला, कॅसिनो आहे. जमीन आणि इमारत एका रीटला (मालमत्ता घेऊन भाड्याने देणाऱ्या कंपनीला) ४० कोटी डॉलरला विकली आणि तीच भाड्याने परत घेतली. बुक व्हॅल्यू २५ कोटी, म्हणून आम्ही १५ कोटी नफा दाखवला. ऑडिटरने एंट्री उलटवायला लावली. ही विक्रीच नाही म्हणे, आलेले पैसे कर्ज म्हणून दाखवा. दाखवले. आता शेड्यूलमध्ये पहिल्या वर्षी व्याज ३.४ कोटी आणि भाडं २.८ कोटी. कर्ज कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. शेवटच्या ओळीला ४० चे ४७.५ झालेत आणि त्या सेलवर ऑडिटरची लाल कमेंट, 'कृपया तपासा', बस्स. उद्या कॉल आहे. बरोबर रेट किती धरायचा एवढंच सांगा, प्रवचन नको.

गिरगावकर
सोपं आहे. इंड एएस ११६ (आपल्याकडचं लीजचं हिशेब-मानक), परिच्छेद ९८ ते १०३ वाचा. विक्री झाली की नाही हे इंड एएस ११५ वरून ठरवायचं. झाली असेल तर पूर्ण नफा घेता येत नाही, जेवढा हक्क खरेदीदाराकडे गेला तेवढ्याच भागाचा घ्यायचा. नसेल झाली तर मालमत्ता ठेवा आणि इंड एएस १०९ खाली कर्ज दाखवा.

रात्रपाळी_गोरेगाव
यूएस गॅप आहे हो, अमेरिकेचे हिशेबाचे नियम. अमेरिकेतला क्लायंट म्हटलं ना वर.

गिरगावकर
अमेरिकेतला क्लायंट म्हणजे यूएस गॅप, हे मी कुंडली बघून ओळखायचं का? पालक कंपनी युरोपातली असती तर आयएफआरएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक लागलं असतं. प्रश्न नीट विचारत जा.

मंदामावशी_डोंबिवली
बाळा, माझ्या नणंदेने असंच केलं. फ्लॅट विकला आणि त्याच फ्लॅटमध्ये भाड्याने राहते आहे. नफ्यावरचा टॅक्स वाचवायचा असेल तर ५४ईसी चे बाँड घे. विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत घ्यावे लागतात, ५० लाखांची मर्यादा आहे आणि पाच वर्षं पैसे अडकतात.

रात्रपाळी_गोरेगाव
मावशी, कॅसिनो आहे. अमेरिकेत. ४० कोटी डॉलर.

मंदामावशी_डोंबिवली
मग ५० लाख कमी पडतील खरे.

तिसरा_डबा
कॅसिनोवाल्यांचे हिशेब लिहायला आपली पोरं रात्र-रात्र जागतात आणि आपल्या राज्यात कॅसिनोला बंदी. १९७६ साली विधिमंडळाने कॅसिनोचा कायदा केला, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. शेजारी गोव्यात मांडवीत बोटी उभ्या करून धंदा चालू आहे.

पार्ला_ईस्ट
बंदी आहे तेच बरं. दारू आणि मटक्याने काय कमी घरं बुडाली?

ताळेबंद
धागाकर्ते, रेट नंतर. आधी हे सांगा: मुदत किती, नूतनीकरणाचे पर्याय आहेत का, भाडेवाढ कशी, परत विकत घ्यायचा हक्क आहे का, इमारतीचं उरलेलं आयुष्य किती आणि ८.५ टक्के कुठून आणला? ३.४ भागिले ४० केलं तर तोच निघतो.

रात्रपाळी_गोरेगाव
८.५ हा क्लायंटचा कर्जाचा दर, त्यांच्या ट्रेझरी विभागाकडून आलेला. मुदत १५ वर्षं. भाडं दर वर्षी २ टक्के वाढतं, विक्रीच्या उलाढालीवर काही नाही. विकत घ्यायचा हक्क आहे.

आर्टिकलशिप_संपली
झालं! परत विकत घ्यायचा हक्क असला की रिअल इस्टेटमध्ये विक्री कधीच धरत नाहीत. बाजारभावाने हक्क असला तरी नाही, कारण त्याच्यासारखी दुसरी जागा बाजारात सहज मिळत नाही. एएससी ८४२, म्हणजे यूएस गॅपचं लीजचं मानक, त्यात स्पष्ट आहे. विषय संपला.

ताळेबंद
हक्क नेमका काय आहे ते करारातून उतरवून टाका. ऐकीव नको.

रात्रपाळी_गोरेगाव
मालकाने पुढे कधी विकायला काढलं तर आधी आम्हाला विचारायचं, असं कलम आहे.

ताळेबंद
मग तो परत घ्यायचा हक्क नव्हे. मालकाने विकायलाच काढलं नाही तर तुम्ही काही करू शकत नाही. एवढ्यावरून विक्री फेल होत नाही. ऑडिटरचं कारण दुसरं असणार. नूतनीकरणाचं उत्तर अजून आलं नाही.

रात्रपाळी_गोरेगाव
आहेत, पाच-पाच वर्षांचे चार. पण ते क्लायंटच्या मर्जीवर आहेत, म्हणून शेड्यूलमध्ये धरले नाहीत. इमारतीचं आयुष्य ४० वर्षं. २५ कोटींपैकी जमीन ९, इमारत १६.

नेरूळ_व्हाया_न्यूजर्सी
मी अशा खात्यांवर काम केलंय. कॅसिनोत मुदतीवरच सगळं ठरतं. कुठल्या राज्यातला?

रात्रपाळी_गोरेगाव
मिसिसिपी. गल्फ किनारा. याचा काय संबंध?

नेरूळ_व्हाया_न्यूजर्सी
आहे तर! त्या किनाऱ्यावरचे कॅसिनो २००५ पर्यंत पाण्यावर तरंगत होते. कतरिना वादळाने बार्ज उचलून जमिनीवर आणून टाकल्या, तेव्हा कायदा बदलला आणि किनाऱ्यापासून ८०० फुटांपर्यंत जमिनीवर यायला परवानगी मिळाली. म्हणजे धंदा त्या पट्ट्याबाहेर नेताच येत नाही. हॉटेल, पार्किंग, मशीन, सगळं तिथे मांडून बसलेला माणूस १५ वर्षांनी चावी देऊन निघून जाईल का? ऑडिटरने चारही नूतनीकरणं जवळपास नक्की धरली असणार. १५ अधिक २० म्हणजे ३५.

ताळेबंद
तेच. १५ वर्षं धरली तर भाड्याची आजची किंमत २६ कोटी येते, ४० च्या ६५ टक्के. ऑपरेटिंग लीज (साधं भाडं), खरी विक्री, १५ कोटी नफा लगेच. ३५ धरली तर तीच किंमत ३८ कोटींवर जाते, म्हणजे ९५ टक्के, शिवाय ४० पैकी ३५ वर्षं वापर. ही झाली फायनान्स लीज (नावाला भाडं, जवळपास विकत घेतल्यासारखंच), आणि लीजबॅक फायनान्स निघाली की ८४२ खाली विक्री उरतच नाही. मालमत्ता बुकांत, घसारा चालू, ४० कोटी कर्ज.

गिरगावकर
इंड एएसमध्ये लेसीसाठी, म्हणजे भाडेकरूसाठी, हे ऑपरेटिंग-फायनान्स वर्गीकरणच नाही. किती स्वच्छ.

आर्टिकलशिप_संपली
पण लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोचं काय? २०१९ मध्ये एमजीएमने ते ब्लॅकस्टोनच्या रीटबरोबरच्या भागीदारीला ४.२५ अब्ज डॉलरला विकलं, भाडं वर्षाला २४.५ कोटी, ३० वर्षं अधिक दोनदा दहा. एमजीएमने विक्री दाखवली, नफाही घेतला. कॅसिनो हलत नाही म्हणून सगळं फेल, हे पटत नाही.

नेरूळ_व्हाया_न्यूजर्सी
कोणी म्हटलं सगळं फेल? सीझर्सने व्हिची या रीटला दिलेल्या जागांचं कर्ज अजून ताळेबंदात आहे, एमजीएमचं ऑपरेटिंग लीजमध्ये. एकाच लास व्हेगासच्या रस्त्यावर दोन्ही दिसतात. दर, मुदत, इमारतीचं आयुष्य, सगळं वेगळं असतं. नाव बघून नव्हे, करार बघून ठरतं.

रात्रपाळी_गोरेगाव
हे सगळं ठीक. रेट???

ताळेबंद
विक्री फेल झाली ती ३५ वर्षं धरल्यामुळे, आणि तुमचं शेड्यूल १५ चं. दोन्हीकडे एकच मुदत हवी. १५ वर ८.५ लावला तर एकूण भाडं ४८.४ कोटी आणि एकूण व्याज जवळपास ५६ कोटी. व्याज एकूण भरण्यापेक्षा जास्त, हे चालत नाही, म्हणून ती लाल कमेंट. ३५ टाकून बघा.

आर्टिकलशिप_संपली
तरी पहिल्या वर्षी व्याज भाड्यापेक्षा जास्तच राहणार. कर्ज वाढणं कुठल्याही वर्षी चालत नाही.

ताळेबंद
कसोटी पूर्ण मुदतीवर आहे, एका वर्षावर नाही. भाडं २ टक्क्यांनी चढतं, म्हणून सुरुवातीला कर्ज चढतं. यांच्या आकड्यात विसाव्या वर्षापर्यंत चढून ४८ कोटी पार करेल, मग एकविसाव्या वर्षी भाडं व्याजाला मागे टाकेल.

रात्रपाळी_गोरेगाव
टाकलं. ८.५ वरच बसतंय, विसाव्या वर्षी ४८.३. पण शेवटी ३२.७ कोटी उरतात. शून्य का नाही?

ताळेबंद
शून्य व्हायचं कारणच नाही. जमिनीचा घसारा होत नाही, ९ कोटी तशीच राहते, इमारतीचेही साधारण २ कोटी उरतील. मुदत संपली की जागा मालकाच्या ताब्यात जाते, तेव्हा मालमत्ता आणि कर्ज दोन्ही काढायचं. फरक तेव्हा नफ्यात. फक्त शेवटचं कर्ज मालमत्तेपेक्षा कमी नको. ११ समोर ३२.७, म्हणजे ठीक.

पार्ला_ईस्ट
म्हणजे आजचा नफा पस्तीस वर्षांनी? तोवर हा पोरगा रिटायर.

गिरगावकर
तोवर स्टँडर्डही बदललेलं असेल. इंड एएस १७ होतं, ११६ आलं.

नेरूळ_व्हाया_न्यूजर्सी
एक राहिलं. भाडं वर्षाच्या शेवटी एकदम जातं का?

रात्रपाळी_गोरेगाव
नाही, दर महिन्याच्या एक तारखेला, आगाऊ. का?

ताळेबंद
अहो! मग पैसे लवकर जातात, कर्ज लवकर उतरतं, आणि ८.५ हा वार्षिक परिणामी दर धरला तर शेवटी ३२.७ नाही, जेमतेम अडीच कोटी उरतील. मालमत्ता ११. दुसरी कसोटी नापास. रेट वर न्यावा लागेल, ८.६ च्या किंचित वर. एक्सेलच्या गोल सीकमध्ये शेवटचं कर्ज मालमत्तेएवढं ठेवा आणि रेट सोडवून घ्या. महिन्याच्या ४२० ओळी होतील, होऊ देत.

रात्रपाळी_गोरेगाव
८.६१ आला. हा प्रश्न पहिल्याच पोस्टला विचारला असता तर माझा वेळ वाचला असता.

ताळेबंद
८.६१ घेण्याआधी ट्रेझरीला विचारा, त्यांचा ८.५ मासिक चक्रवाढीचा आहे की वार्षिक. मासिक असेल तर वार्षिक ८.८४ पडतो आणि हे सगळं परत बदलतं.

मंदामावशी_डोंबिवली
जेवलास का रे?